खड्डा पडलेला गुडघा वेगळा, झिजलेला वेगळा

‘पेशी-उपचाराने साठीतल्या झिजलेल्या गुडघ्यातही नवी कूर्चा उगवते’ हे गुडघ्याच्या पेशी-उपचारावरच्या एका लेखातलं वाक्य सरसकट आहे आणि चूक आहे. (कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण.) रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून बसवण्याची पद्धत (स्वीडनमधल्या गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली) कूर्चेत एका जागी पडलेल्या खड्ड्यासाठी आहे. खड्डा साधारण २ चौ. सेंमी.हून मोठा, कडा शाबूत आणि समोरच्या हाडावरची कूर्चा धड हवी. झिजेच्या संधिवातात दोन्ही बाजूंची हाडं उघडी पडतात, तिथे बसवलेल्या पेशींचा पॅच टिकणार कसा? पाय वाकडा असेल तर आधी किंवा सोबतच हाड कापून सरळ करावं लागतं, नाहीतर सगळा भार पुन्हा त्याच जागेवर.

आणि लेख म्हणतो तसं हे ‘एका इंजेक्शनचं काम’ मुळीच नाही. आधी दुर्बिणीने, भार न येणाऱ्या जागेवरून कूर्चेचा २००-३०० मिलिग्रॅम तुकडा घेतात, मग प्रयोगशाळेत काही आठवडे वाढ. खरी गोम इथेच आहे: सपाट प्लेटवर पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की या पेशी टाइप-२ (कूर्चेतलं) ऐवजी टाइप-१ (व्रणातलं) कोलॅजन हे तंतुमय प्रथिन बनवू लागतात, म्हणजे कूर्चेऐवजी व्रणासारखी ऊती. रोपणात खड्ड्याच्या कडा उभ्या कापायच्या, तळाच्या हाडातून रक्त येऊ द्यायचं नाही आणि पेशी पेरलेला पडदा तंतोतंत मापाचा कापून फायब्रिन ग्लूने (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या डिंकाने) चिकटवायचा. पडदा कडेबाहेर आला की घासून सुटतो. त्यापुढे ६-८ आठवडे कुबड्या, आणि खेळायचं नाव वर्षभर नाही. लेखात यातलं काहीच नाही, हे जरा अतीच झालं.