‘एसीत बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

फ्रान्सच्या पुरवठा साखळी कायद्याची बाजू घेणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. तीन वाक्यं आहेत: एसीत बसून लिहिणाऱ्यांना कारखाना काय कळणार, पुरवठादारांच्या कारखान्यांसाठी खरेदीदार कंपन्यांना कायद्याने जबाबदार धरलं की ऑर्डरी दुसऱ्या देशात जातात आणि कामगारच उपाशी राहतो, आणि जर्मनीच्या अशाच कायद्यात पीडितांच्या भरपाईची सोयच नाही.

शेवटचं आधी मान्य करतो. २०२३ पासून लागू झालेल्या त्या कायद्याने भरपाईच्या दाव्याला नवा आधार दिलेला नाही. दंड होतो, पण तो सरकारजमा. इथे तुमचं बरोबर.

पण ‘एसीत बसून’? ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या खोलीचं तापमान कशाला काढायचं? मुद्दा सरळ मांडला असता तर काय बिघडलं असतं? आता काढलंच आहे तर सांगतो. कपड्यांच्या एका निर्यातदाराकडे कित्येक वर्षं ऑडिटच्या, म्हणजे कारखान्याच्या तपासणीच्या, फायली माझ्याच टेबलावर असायच्या. तारीख आधी कळायची. आदल्या संध्याकाळी मागच्या दाराचं कुलूप निघायचं, दारासमोरचे खोके हलायचे, ओव्हरटाइमचं खरं रजिस्टर कपाटात जायचं आणि दुसरं बाहेर यायचं. कामगारांकडून उत्तरं घोकून घेतली जायची. ऑडिटरची गाडी फाटकाबाहेर पडली की कुलूप परत जागेवर! पंखासुद्धा धड नव्हता हो तिथे.

आणि हे फक्त आमच्याकडेच चालायचं असं नाही. कराचीच्या अली एंटरप्रायझेसमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. दारं बंद, खिडक्यांना गज. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी ‘एसए ८०००’ हे कामगारांना नीट वागवल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. मुख्य खरेदीदार जर्मनीची किक ही स्वस्त कपडे विकणारी कंपनी. पीडितांचा तिच्यावरचा दावा डॉर्टमुंडच्या कोर्टाने २०१९ मध्ये मुदत टळली म्हणून फेटाळला, तीही पाकिस्तानी कायद्यातली मुदत लावून. म्हणूनच मी फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्याची बाजू घेतली. मोठ्या कंपनीने दक्षता योजना, म्हणजे पुरवठादारांकडचेही धोके ओळखून टाळण्याची योजना, करायची, ती राबवायची. त्यात कसूर झाल्यामुळे नुकसान झालं, तर भरपाईसाठी कंपनीला कोर्टात खेचता येतं. सिद्ध करण्याचा भार पीडितावरच राहतो, ही त्याची मोठी उणीव. तीही लेखात होती.

ऑर्डरी जाण्याचं म्हणाल, तर ही ओरड प्रत्येक कामगार कायद्याच्या वेळी होते. त्यात नव्याने काय बोलायचं?

पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा. फ्रान्सचा परिच्छेद तिसराच होता, फार खाली जावं लागलं नसतं.