मी नुसती उभी राहते

बोस्टनच्या पश्चिमेला आमचं घर आहे आणि त्या घरात एक ओव्हन आहे. गेली ११ वर्षं आम्ही तो रोज वापरतो. त्यात तळणीची मोठी कढई असते, तिच्या पोटात लहान कढई, लहानीच्या पोटात इडलीच्या ताटल्या आणि शेजारी दोन तवे, त्यातला एक डोशाशी कायमचं वैर धरलेला. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत ओव्हन उघडलात तर थोड्याफार फरकाने हाच संसार आत नांदताना दिसेल. त्यात काही भाजतात, हे मला ऐकून माहीत होतं.

यंदा कोजागिरीच्या सुमारास बायको कामासाठी दहा दिवस शिकागोला गेली. घरात मी, सातवीतली मुलगी आणि कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. मंडळाची कोजागिरी शनिवारी होती. पंचांगात पौर्णिमा कुठल्याही वारी असो, अमेरिकेत चंद्र शनिवारीच पूर्ण होतो, तोही शाळेचा हॉल मिळाला तर. कोण काय आणणार याचा तक्ता ग्रुपवर फिरत होता. मसाला दूध, भेळ, साबुदाणा वडे, सगळ्यांपुढे नावं लागलेली. ‘गोड, ४० जणांसाठी’ एवढी एकच ओळ रिकामी. आदल्याच दिवशी ऑफिसात कुणीतरी ॲपल क्रिस्प आणलं होतं आणि आणणारा म्हणाला होता, काही नसतं हो त्यात, दहा मिनिटांचं काम. मी नाव टाकलं. पाच मिनिटांत शिकागोहून बायकोचा एकाक्षरी निरोप आला : “तू?”

क्रिस्प म्हणजे खाली चिरलेली फळं, वर ओट्स, मैदा, लोणी आणि ब्राउन शुगरचा चुरा, आणि मग भट्टी. ओट्स नसले की त्याला क्रम्बल म्हणतात. वर बिस्किटाच्या पिठाचे गोळे टाकले की कॉबलर. आणि इथे न्यू इंग्लंडात हेच चुलीवर पातेल्यात झाकून केलं की त्याचं नाव ग्रंट, म्हणजे कण्हणं, कारण शिजताना फळं कण्हतात म्हणे. अंडं कशातच लागत नाही, त्यामुळे मंडळात चालतं. आमच्याकडे कोण कण्हणार, ते अजून ठरायचं होतं.

पुढे जाण्याआधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या मुख्याध्यापिका होत्या. मुलांच्याच काय, शिक्षकांच्याही चुका त्यांनी आयुष्यभर लाल शाईने दाखवल्या. पण जावई हा असा एकच विद्यार्थी, ज्याच्या वहीत लाल शाई चालत नाही. लेकीला त्या तोंडावर “अगं, हे काय केलंयस?” म्हणतात. मला म्हणत नाहीत. माझ्यासाठी त्यांची वेगळी शब्दसंपदा आहे आणि ती शिकायला मला चौदा वर्षं लागली. ‘वेगळं झालंय’ म्हणजे बिघडलंय. ‘पौष्टिक असेल’ म्हणजे तोंडात घालवत नाही. आणि ‘तुम्ही दमला असाल’ म्हणजे ताबडतोब थांबा आणि हातातलं खाली ठेवा.

सफरचंदं दुकानातून आणायची नाहीत, असं मुलीने ठरवलं. ऑक्टोबरमध्ये इथे बागेत जाऊन स्वतः तोडायची असतात. रूट ११७ ने स्टोच्या बाजूला गेलं की बागाच बागा. आधी फाटकापाशी रिकाम्या पिशवीचे पैसे भरायचे, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या पेंढ्यांवर बसून झाडांपर्यंत जायचं, तोडायचं आणि स्वतःच वाहून आणायचं. सासूबाईंची शिरोळकडे ऊसशेती आहे. त्यांनी हा सगळा व्यवहार मला दोनदा समजावून सांगायला लावला.

“म्हणजे तोडणी आपणच करायची?”

“हो.”

“वाहतूक आपणच?”

“हो, आई.”

“आणि वर पैसेही आपणच द्यायचे?” त्या जरा वेळ रांगेकडे बघत राहिल्या. “आमच्याकडं मुकादमाला आधी उचल द्यावी लागते, मग तोडणीची टोळी येते. कधी येतही नाही. इथल्या शेतकऱ्यानं डोकं लढवलंय बघा.”

अर्धा बुशेल पिशवी घेतली. बुशेल हे काय माप आहे, याचा विचार आपण पिशवी उचलेपर्यंत करत नाही. अर्धा बुशेल म्हणजे साधारण नऊ किलो. फाटकापासून जे पहिलं झाड लागलं, त्याचीच मी भरली, कारण दुसऱ्या झाडापर्यंत चालायचं होतं. पाटीवर लिहिलं होतं मॅकिंटॉश. १८११च्या सुमारास कॅनडात जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला रान साफ करताना सापडलेलं हे वाण, पुढे त्याच्यावरून संगणकालाही नाव दिलं गेलं. सॉफ्टवेअरच्या माणसाला एवढी शिफारस पुरे.

सासूबाईंनी एक चावून बघितलं. “वेगळं आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडचं सिमल्याचं सफरचंद असं नसतं.”

मला माहिती पुरवायची सवय आहे. सांगितलं, की सिमल्याकडचं ते लाल सफरचंद मुळात अमेरिकेचंच. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स १९०४ साली भारतात आले, तिथलेच झाले, आणि १९१६च्या सुमारास त्यांनी कोटगढच्या डोंगरात इथल्या डिलिशस जातीची कलमं लावली.

“म्हणजे इथूनच नेलेलं?”

“हो.”

“मग चांगलं होतं ते नेलं, आणि हे इथं ठेवलं होय?”

बुधवारी रात्री पहिला प्रयोग. कृतीत पहिलंच वाक्य होतं, ओव्हन ३७५ अंशांवर तापवून घ्या. सासूबाई दचकल्या. त्यांच्या लेखी फॅरनहाइट फक्त तापासाठी असतं. “१०४ला माणूस बडबडायला लागतो हो,” त्या म्हणाल्या. मी कढया, ताटल्या, तवे सगळं बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं, बटण फिरवलं आणि सफरचंदं सोलायला बसलो. लोणी इथे कांडीच्या हिशेबात असतं, एक कांडी ११३ ग्रॅमची. सासूबाईंनी ती हातात तोलून “अदपावाला जरा कमी” असा निकाल दिला. दोन कांड्या घेतल्या, तेव्हा काही बोलल्या नाहीत. फक्त मुलीकडे बघून म्हणाल्या, “तुझी आई मला शिऱ्यात तूप मोजून घालायला लावते.”

तेवढ्यात वास आला. आधी मेणबत्तीचा, मग होळीत कुणी टायर टाकल्यावर येतो तसा. ओव्हनच्या दाराच्या फटीतून काळा धूर निघाला आणि छतावरचा भोंगा बोंबलायला लागला. दार उघडलं. वरची जाळी मी रिकामी केली होती, खालच्या जाळीवर मागच्या कोपऱ्यात एक चाळण होती. आता होती म्हणायचं ते केवळ व्याकरणापुरतं. तिचं हिरवं कडं जाळीच्या गजांवरून थेंबाथेंबाने खाली उतरत होतं, आणि तारेची बारीक जाळी तेवढी सती गेल्यासारखी मधोमध शिल्लक होती.

ही चाळण साधी नव्हती. चकलीच्या भाजणीला आणि अनारशाच्या पिठाला हवी म्हणून लेकीने खास मागवलेली. सासूबाईंनी महाद्वार रोडवर चार दुकानं फिरून घेतलेली आणि वाकू नये म्हणून विमानात मांडीवर धरून आणलेली.

मुलगी टॉवेलने भोंग्याला वारा घालत होती, सासूबाई गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाने. सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेर ४ अंश सेल्सियस. मी चिमट्यात चाळणीचे अवशेष धरून उभा. मला वाटलं, आता चौदा वर्षांचा संयम सुटणार. सासूबाईंनी अंक खाली ठेवला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, “मघाशी गारठा फार होता. जरा ऊब आली घरात.”

मग त्यांनी चाळण माझ्या हातातून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात सफरचंदाच्या सालींखाली पुरली. “लेक यायला अजून चार दिवस आहेत,” एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी गजांवरचं गार झालेलं प्लॅस्टिक खरवडून, रिकामा ओव्हन तासभर पेटवून, दुसरा प्रयोग. या वेळी आग लागली नाही. पाऊण तासाने भांडं बाहेर काढलं तेव्हा वरून ते अगदी फोटोतल्यासारखं दिसत होतं. चमचा घातला आणि खाली गेला. जातच राहिला. मॅकिंटॉश हे खायला गोड, सॉसला उत्तम, पण तापलं की फोडीला फोड राहत नाही. खाली बाळाला भरवायची पेज तयार झाली होती. आणि वर? ओट्स म्हणजे ओट्स, असं समजून मी कपाटातले स्टील-कट ओट्स घातले होते. ते म्हणजे पोलादी पात्यांनी तुकडे केलेले अख्खे दाणे. त्यांना मऊ व्हायला पाण्यात अर्धा तास उकळावं लागतं. कोरडे भाजले की त्यांची खडी होते.

“बाबा, हे क्रिस्प नाहीये,” मुलगी म्हणाली. “हे ग्रॅव्हल आहे. अंडर इट, मड.”

सासूबाईंनी चमचा तोंडात घातला. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला. त्यांनी डाव्या गालाला हात लावला, कवळी जागेवर असल्याची खात्री केली आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, “पौष्टिक असेल.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही दमला असाल.”

शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो तर ओट्यावर परात होती. “तुम्हीच करा,” सासूबाई म्हणाल्या. “मी नुसती उभी राहते.”

मराठी स्वयंपाकघरात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे कुठल्याही सुनेला विचारा.

उभ्या उभ्या त्यांनी पहिली गोष्ट केली ती सफरचंदं बदलायची. मुलीला घेऊन दुकानात जाऊन त्यांनी प्रत्येक जातीचं एकेक आणलं होतं आणि फोड चाखून हिरवं निवडलं होतं, मग त्याचीच पिशवी भरून घेतली होती. त्याचं नाव ग्रॅनी स्मिथ. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईंच्या आवारात १८६८च्या सुमारास हे झाड आपोआप उगवलं, ही माहिती मी पुरवली. “स्मिथआजी,” सासूबाई समाधानाने म्हणाल्या. “आंबट आहे. डाळीत चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, तसंच हे. आंबट फोड लवकर विरघळत नाही.” मी नंतर वाचून बघितलं. आम्लामुळे पेक्टिन टिकतं आणि पेशी एकमेकींना धरून राहतात, हे शास्त्र दोन्हीकडे तेच आहे. मला त्यासाठी दोन लेख वाचावे लागले.

दुसरी गोष्ट वरच्या चुऱ्याची. “हे पोह्यांसारखे चपटे ओट्स आहेत ना, ते घ्या,” असं म्हणून त्यांनीच घेतले. मोठी कढई अजून टेबलावरच होती. तिच्यात तूप घातलं, ओट्स टाकले, आणि मंद आचेवर उलथनं फिरायला लागलं. बेसनाच्या लाडवाला फिरतं तसं, कडेकडेने, तळापासून. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. मग उलथन्याचा आवाज बदलतो, मऊ सरसर जाऊन कोरडी खसखस येते, आणि पाठोपाठ वास. मुलगी वरच्या मजल्यावरून हेडफोन काढून खाली आली. त्यात किसलेला गूळ, थोडा मैदा, सुंठ, जायफळ, चिमूटभर मीठ. दालचिनीची डबी मी पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि कपाटात ठेवून दिली. माझ्याकडे एक काम आलं, भांड्याला तूप लावायचं. ते मी मन लावून केलं.

भांडं आत गेल्यावर मी ओव्हनचा दिवा लावून दाखवला. सासूबाई दारासमोर स्टूल घेऊन बसल्या. “आत उजेड असतो होय? मग इतकी वर्षं कढया अंधारात का ठेवल्या?”

४५ मिनिटांनी कडेने पाक बुडबुडायला लागला. वरचा थर चमच्याने तोडावा लागला, आणि खाली फोडी फोडीच राहिल्या होत्या.

शनिवारी मंडळात प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी लावायची होती. मी ‘ॲपल क्रिस्प’ लिहायला पेन काढलं, तेवढ्यात सासूबाईंनी शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहून टाकलं : सफरचंदाची कुरकुरी. मसाला दूध निम्मं उरलं, कुरकुरी पंधरा मिनिटांत संपली. एक बाई भांडं खरवडत सासूबाईंना म्हणाल्या, “काकू, हाताला काय चव आहे हो तुमच्या!”

“छे छे, जावयांनी केलंय,” सासूबाई म्हणाल्या. “मी नुसती उभी होते.”

मी नाही म्हणालो नाही. उलट पुढचा अर्धा तास दोघाचौघांना आंबट सफरचंद, पेक्टिन आणि चिंचेची डाळ यांवर मार्गदर्शन केलं. एकाने वहिनींना सांगायला म्हणून माझं बोलणं फोनवर रेकॉर्डही करून घेतलं.

रविवारी रात्री बायको परत आली. मंडळाच्या ग्रुपवरचे फोटो तिने विमानतळावरच पाहिले होते. दारातच म्हणाली, “मला वाटलं नव्हतं हं तुझ्याकडून.” कढया आपल्या जागी गेल्या होत्या, ओव्हन आतून अकरा वर्षांत झाला नव्हता इतका स्वच्छ होता. तिने बॅग ठेवली, चहा घेतला, आणि दिवाळी दोन आठवड्यांवर आली म्हणून भाजणीची तयारी काढली. दोन कपाटं उघडली, ओव्हन उघडला, खालच्या जाळीवर हात फिरवला.

“आई, तू आणलेली ती चाळण कुठाय गं? मी इथेच ठेवली होती.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गव्हल्यांसारखा एकेक वेलदोडा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जावयांना विचार. मी नुसती उभी होते.”