थाळी वाजवून बाळाचे कान तपासता येत नाहीत

"नवजात बाळाच्या कानांची मशीनवर तपासणी करू नका. किरणांनी कान जातात, पहिल्यांदा सगळीच बाळं नापास होतात, घराण्यात कुणी बहिरं नसेल तर गरजच नाही. घरी थाळी वाजवा, बाळ दचकलं की झालं. उशिरा बोललं तरी घाई कसली?" हा फॉरवर्ड भाचीला बाळंतपणाच्या आठव्या दिवशी आला आणि तिने तपासणी रद्द केली!

सगळ्यात घातक ती थाळी. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, थाळी त्याहून कितीतरी मोठी. मध्यम बहिरेपण असलेलं बाळ थाळीला दचकेल, पण आईची अंगाई त्याच्यापर्यंत पोचणार नाही. एकाच कानाने ऐकणारं बाळही दचकेल. वरच्या पट्टीतले आवाज न ऐकणारंही दचकेल. त्याला पुढे 'स', 'श' नीट ऐकू येणार नाहीत. अजिबात न ऐकणारं बाळसुद्धा पाळण्याला बसलेल्या हादऱ्याने, थाळीच्या वाऱ्याने दचकतं. हुंकारावरही विसंबू नका. बहिरी बाळंही पहिले काही महिने हुंकार देतात.

किरण कसले? नवजात बाळाची ही तपासणी म्हणजे ओएई. तिच्यात मऊ टोकाची प्रोब, म्हणजे छोटी नळी, कानात बसवतात. ती बारीक टिकटिक सोडते आणि आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींकडून परत येणारा क्षीण आवाज तिच्यातलाच माइक टिपतो. सुई नाही, भूल नाही.

नापास होण्याचं मात्र अर्धं खरं आहे. पहिल्या दिवशी कानात पाणी आणि चिकट थर असतो, म्हणून बऱ्याच बाळांचं 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', येतं आणि त्यातली बहुतेक नीट ऐकत असतात. म्हणूनच ही तपासणी २४ ते ४८ तासांनंतर करावी आणि रेफर आलं तर महिन्याच्या आत पुन्हा. नुकसान होतं ते दुसऱ्यांदा न गेल्याने.

घराण्याचं म्हणाल, तर बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकणारेच असतात.

घाई का, ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या १९९८च्या अभ्यासात आहे. ऐकू कमी येणाऱ्या १५० मुलांपैकी ७२ जणांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं होतं, ७८ जणांचं नंतर. लवकर कळलेल्यांची भाषा स्पष्टपणे सरस निघाली. तिसऱ्या महिन्यापर्यंत बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी तपासणी) करून निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र, हे वेळापत्रक म्हणूनच पाळतात.

बाळ पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं किंवा काविळीसाठी रक्त बदलावं लागलं, तर ओएई पास पुरेसं नाही. त्यात कानाच्या नसेचा दोष पकडला जात नाही. ऑटोमेटेड बेरा मागा. बाकी बाळाला पाजून, झोपवून न्या आणि दोन्ही कानांचा निकाल वेगवेगळा लिहून घ्या.