समुराई व्हा म्हणे!

आज ऑफिसात बाहेरून आणलेले एक वक्ते तासभर घसा फोडून सांगत होते, "समुराई व्हा! तलवार उपसा!" सेल्सवाले पुढच्या रांगेत शिट्ट्या मारतायत. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या, खुर्च्या संपल्या होत्या ना.

याच मॅडमनी गेल्या महिन्यात एकच बिल दोनदा पास होताना पकडलं. एकावर नंबरात आडवी रेघ, दुसऱ्यावर नाही. तारीख, रक्कम तीच. शाबासकी काय मिळाली? "किती खिटखिट करता हो तुम्ही!"

अहो वक्ते, जुन्या जपानातल्या कानाझावा गावचे इनोयामा ठाऊक आहेत? कागा संस्थान, माएदा घराण्याचं, दहा लाख कोकूंच्या वर तांदळाचं उत्पन्न (कोकू म्हणजे तिथलं धान्याचं माप). शोगुन, म्हणजे तिथला लष्करी सर्वेसर्वा, सोडला तर जपानात एवढं कुणाचंच नव्हतं. त्याचे हिशेब ठेवणारं हे समुराई कुटुंब. कमरेला तलवार होतीच, पण पोट सोरोबानच्या, म्हणजे जपानी मणीपाटीच्या, मण्यांवर.

आणि यांच्याच घरावर 1842 च्या सुमारास वर्षाच्या मिळकतीच्या दुपटीहून जास्त कर्ज! इभ्रत हो, दुसरं काय. नोकर ठेवा, आहेर करा, समारंभ करा. नाओयुकी इनोयामांनी चहाची भांडी, पुस्तकं, किमोनो विकायला काढले आणि पै-पैची वही घातली. ती 1879 पर्यंत चालली. लेकराच्या समारंभाला शुभ मानला जाणारा ताई मासा परवडेना, तर कागदावर चितारलेला मांडला. पाहुण्यांसमोर! ही छाती तलवारवाल्यांत दाखवा मला.

मान्य, संस्थान उभं राहिलं ते तलवारीवरच. मॅडम चहाच्या व्हाउचरसाठी जीव खातात, तेही मान्य. पण ते दुसरं बिल पुढच्या रांगेतल्या एकाच्याच सहीने आलं होतं, हे कुणी बोलणार आहे का?

1876 साली जपानात तलवार लावून हिंडायलाच बंदी आली. नाओयुकींचा मुलगा तोवर नव्या आरमाराच्या हिशेबखात्यात होता. तलवारबहाद्दर भाऊबंद बसले हात चोळत.

जाऊ दे, जपानला कशाला जायचं? साडेतीन शहाण्यांत आपण नाना फडणवीसांना अर्धं धरलं. का, तर तलवारीला हात नाही. पेशव्यांचं दप्तर सांभाळणारा माणूस, आणि अर्धा!

सेल्सवाल्या मित्रांनो, राग तुमच्यावर नाही रे. खाली कमेंटमध्ये भांडायला खुशाल या. येताना पेट्रोलच्या राहिलेल्या पावत्या तेवढ्या आणा.