ख कथा गया?

आमच्या पांझरेकाठच्या गावात माझ्या पाठीमागे कोण काय बोलतं ते मी कधी मनावर घेतलं नाही. तोंडावर सगळे 'सर' म्हणत, तेवढं पुरे होतं. पण गेल्या आठवड्यापासून मी मोटारसायकलवरून गेलो की पारावरची मंडळी एकमेकांना कोपर मारतात. काल किराणावाल्याने मला विचारलं, "खोबरं देऊ ना सर? ख चालतो ना तुम्हाला?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी खोबरं न घेता आलो, त्यावरून घरी वेगळं ऐकून घेतलं.

प्रकरण पहिलीच्या वर्गाचं आहे. आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी शेजारी मॅडमकडे. जूनमध्ये आलेली पहिलीची पोरं रडूनरडून एकदाची रुळली. एकच गडी हटेना. "माले घर जानं शे," एवढं एकच अहिराणी वाक्य तो दिवसभर बोले, तेही फळ्याकडे पाठ करून. आईबाप निंदणीला जाणारे, त्यामुळे सोमवारी त्याची आजी त्याच्यासोबत आली. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून तिने पाय पसरले, चंची सोडली, सुपारी कातरली आणि मला म्हणाली, "चालू द्या तुमनं."

मी चालू केलं.

सोमवारी चित्रवाचन होतं. मी वांग्याचं चित्र वर धरून विचारलं, "हे काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "भरीत!" खान्देशातल्या पोरांकडून दुसरी अपेक्षाही नसते. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच उंबऱ्यावरून निकाल आला, "भाजेल कथा शे? वांगं शे ते." भाजलंय कुठे, हे पोरांनी मान्य केलं. माझं तोंड उघडंच.

मंगळवारी दुसरीला गणित देत होतो. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विषय विधिमंडळापर्यंत गेला, मराठी बुडाली म्हणून लोक हळहळले. आजीला मी 'वीस एक' समजावलं तर ती म्हणे, यात नवं काय? ती जन्मभर विसांनीच मोजते. तीन इसा म्हणजे साठ, वर एक म्हणजे एकसष्ट. गोवऱ्या अशाच मोजतात, म्हणे. तज्ज्ञांची समिती आणि आमची आजी एका पक्षाच्या निघाल्या, आणि दुसरीची पोरं मला सोडून तिच्याकडे गणित तपासायला जाऊ लागली.

खरा घोटाळा बुधवारी झाला.

हल्ली आम्ही अक्षरं क-ख-ग-घ अशी ओळीने शिकवत नाही. गट पाडतो. म, क, न ही तीन अक्षरं आणि सोबत काना, एवढ्या भांडवलावर पोराला कान, नाक, मान, मका, काम, काका, मामा, नाना, कमान असे शब्द वाचता येतात. पोराला पहिल्याच महिन्यात 'मी वाचलं' असं वाटतं आणि ते शाळेत टिकतं. पद्धत चांगली आहे, मला मनापासून पटलेली आहे. तर मी फळ्यावर मोठा क काढला. पोरं पाटीवर गिरवू लागली. एकाचा क आरशात पाहिल्यासारखा उलटा, एकाने पाटीऐवजी मांडीवर काढलेला, आणि तिसरा पाटीवरची पेन्सिल कडाकडा चावून खात होता. एवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा की आजी."

"क ना मांगे कोन ऱ्हास?"

मला वाटलं, कोडं आहे. मी गप्प राहिलो.

"क ना मांगे ख ऱ्हास," आजीने स्वतःच उत्तर दिलं. "मना पोऱ्या शाळामा जाये तवय रोज घोके. क, ख, ग, घ. माले लिखता येत नही, पन इतलं समजस. तुमना ख कथा गया?"

मी खडू ठेवला. निरक्षर बाईचं बोलणं आमच्या मुलखात कुणी हलक्यावारी घेत नाही, बहिणाबाईंनी तेवढी शिस्त लावून ठेवली आहे. गटाची पद्धत मी तिला अथपासून इतिपर्यंत समजावली. फळ्यावर 'काका' लिहून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"म्हंजे ख नही."

"आत्ता नाही. पुढच्या गटात येईल."

"पुढे म्हंजे कवय?"

"दिवाळीच्या आसपास."

"तवपर्यंत पोरे खातीन काय?"

पोरं हसली. कशाला हसली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हसू ओसरल्यावर आजीने गावात प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी विचारला जाणारा प्रश्न विचारला, "तुमले पगार कितला शे?"

मी मोघम उत्तर दिलं. मोघम उत्तरावर म्हातारीने बोटांच्या पेरांवर, विसांनी, तोंडी भागाकार केला आणि एका अक्षराचा भाव काढला. तीन अक्षरं आणि एक दांडी, हा आठवड्याचा माल. दांडी, म्हणजे काना, तिने फुकटात धरली. भाव ऐकून तिलाच धक्का बसला. "इतला पैसामा मी अख्खं वावर निंदी टाकू," ती म्हणाली. त्यानंतर मी फळ्यावर जे जे लिही, त्याकडे ती सराफाच्या दुकानात काचेपलीकडे बघावं तशी बघत होती.

ती संध्याकाळी ओट्यावर बसून काय बोलली ते मला शब्दशः कळलं, कारण गावात शब्दशःच कळतं. "मास्तरनी ख खाई टाका." एवढंच. पण वाक्य ओट्यावरून दूध डेअरीवर गेलं तोवर त्यातला ख गळला आणि 'मास्तरनी खाई टाका' एवढं उरलं. डेअरीवरून पारावर गेलं, तिथे काय खाल्लं यावर चर्चा झाली. शाळेत खाण्यासारखं दुसरं आहे काय? तांदूळ.

शुक्रवारी दुपारी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दोन सदस्यांना आणि कापूस मोजायच्या काट्याला घेऊन हजर झाले. अध्यक्ष माझ्याशी फार आदबीने बोलले. आदबीनेच जास्त लागलं. "सर, आमचा तुमच्यावर भरवसा आहे. पण लोक म्हणतात, ख खाल्ला. आणि ख म्हणजे खिचडीच ना?"

पहिली ते पाचवीच्या पोराला रोज शंभर ग्रॅम तांदूळ. हजेरी गुणिले शंभर, शिल्लक साठा, नोंदवही. मी वही उघडून दिली. गोणी काट्यावर चढली. पोरं जेवण सोडून गोल उभी राहिली, पेन्सिल खाणारा सगळ्यांत पुढे. वजन वहीपेक्षा थोडं जास्त भरलं.

मला वाटलं, सुटलो. अध्यक्षांच्या कपाळाला आठी. "जास्त कसा काय? म्हणजे पोरांना कमी घातला?"

"बारदान," मी म्हटलं. "गोणीचं वजन."

मग रिकामी गोणी शोधली गेली, ती मोजली गेली, वजाबाकी झाली. वजाबाकी दुसरीच्या पोरांनी केली आणि बरोबर केली, याचं कौतुक कुणी केलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "राग मानू नका सर, लोकांचं तोंड बंद करावं लागतं." चहा मात्र माझ्याकडून गेला.

राग मानू नका. ठीक आहे. पण मग एक हिशोब मीही मांडतो. त्या आठवड्यात शिकवायला मला किती वेळ मिळाला? मंगळवारी दुपारपासून आधार जुळवणी, कारण वरून फोन, आजच्या आज. गुरुवारी झाड लावतानाचे पोरांचे फोटो अपलोड करणं, आणि आमच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीखाली येतं. रोज किती पोरं जेवली त्याची नोंद वेगळी, त्याच आकड्याची दुसरी लिंक वेगळी. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 27 मध्ये लिहिलेलं आहे की दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. लिंक भरणं हे काम आहे असं मुळात कुणी मानतच नाही, त्यामुळे कायदाही मोडत नाही. आणि निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहेच भिंतीवर रंगवलेलं: पहिली संपता संपता पोराने चार-पाच शब्दांची सोपी वाक्यं वाचावी आणि 99 पर्यंतचे आकडे. वाचेल की. मला खोलीत राहू द्या.

दर शिक्षक दिनाला प्रमुख पाहुणे आम्हाला साने गुरुजींचं उदाहरण देतात. 1924 ते 1930 गुरुजी इथेच, अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. त्यांच्यासारखे व्हा, म्हणतात. पाहुणे हे बोलत असताना मी मागे उभा राहून पाहुण्यांचेच फोटो काढत असतो, कारण ते संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पाठवायचे असतात.

असो. आठवड्याचं फलित विचाराल, तर शनिवारी 'माले घर जानं शे'वाल्या गड्याने पहिल्यांदा तोंड फळ्याकडे केलं. मी 'नाक' लिहिलं होतं. त्याने न वर बोट ठेवलं, मग कान्यावर, मग क वर, आणि तीन झटक्यांत वाचलं. वाचून झाल्यावर स्वतःचं नाक दाबून पाहिलं. त्याला आता उंबऱ्यावर कुणी बसायची गरज नाही.

मी आजीला तसं सांगितलं. म्हटलं, आजी, तुमचा नातू रमला, सोमवारपासून नाही आलात तरी चालेल, उगाच तुमचे गुडघे दुखतात.

तिने चंची बांधली, नातवाचं दप्तर खांद्याला अडकवलं आणि दारातून वळून म्हणाली, "आन् तुमनावर ध्यान कोन ठेवी?"