"88 टक्के अपघात कामगाराच्याच चुकीनं" हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी हे वाचा

सांगलीकडच्या कुपवाड, मिरज एमआयडीसीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, 4 मार्चच्या सुरक्षा दिनाच्या आसपास तर जास्तच. त्यात असं म्हटलंय की संशोधनानं सिद्ध झालंय, 88 टक्के अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळं होतात, म्हणून हेल्मेट-ग्लोव्हज द्या, शपथ घ्या, शिस्त लावा, बाकी सेफ्टी सिस्टिम वगैरे मोठ्या कंपन्यांची कामं, लहान युनिटला परवडत नाहीत, आणि पोल्युशनचा विषय वेगळा, तो कन्सल्टंट बघेल. मी प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून-कापून पार्ट काढणाऱ्या मशीनच्या खात्याच्या, मेंटेनन्समध्ये काम करतो, हे वाचून गप्प बसवत नाही, कारण अशा मेसेजच्या जोरावर बोट गेलेल्या पोरालाच वर मेमो मिळतो.

"संशोधनानं सिद्ध झालंय, 88 टक्के"

हा आकडा आजचा नाही आणि भारतातलाही नाही. अमेरिकेत ट्रॅव्हलर्स नावाच्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिखनं 1931 साली पुस्तक लिहिलं, त्यातला आहे. त्यानं 75,000 अपघातांच्या नोंदी घेतल्या, 12,000 विम्याच्या बंद झालेल्या क्लेमच्या फायलींतून आणि 63,000 कारखानदारांच्या रेकॉर्डमधून. म्हणजे ज्यांच्यावर जबाबदारी येणार होती त्यांनीच लिहिलेले कागद, जखमी माणसाची बाजू त्यात येणार कुठून? वर प्रत्येक अपघाताला एकच कारण लावायचं, माणसाची चूक नाहीतर मशीनची. ते मूळ कागद नंतरच्या अभ्यासकांना तपासायला मिळालेच नाहीत. जवळजवळ शंभर वर्षं जुन्या अशा आकड्यावर आपण आज आपल्या पोरांचा न्याय करायचा का?

"मशीन ठीक असतं, ऑपरेटरच हात घालतो"

याच्यावर मला जास्त बोलायचंय. आपल्याकडचा जुना पिन क्लचवाला पॉवर प्रेस घ्या, पायानं पॅडल दाबायचं आणि हातानं जॉब (ज्याच्यावर काम करायचं तो तुकडा) डायमध्ये (साच्यात) ठेवायचा-काढायचा. या क्लचमध्ये, म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणाऱ्या भागात, एकदा पिन गुंतली की रॅम, म्हणजे वरनं खाली येऊन दाबणारा जड भाग, पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबवायची सोयच नाही. पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पॅडलवरनं पाय काढलेला असतानासुद्धा रॅम परत खाली येतो, त्याला आम्ही डबल स्ट्रोक म्हणतो. आणि नेमका त्याच क्षणी ऑपरेटरचा हात डायमध्ये असतो, कारण जॉब काढायची पद्धतच तशी आखून दिलीय. मग रिपोर्टमध्ये एक ओळ येते, "मशीन चालू असताना हात घातला". स्प्रिंगचं नावसुद्धा नसतं.

काही मालक खरंच काळजीनं खर्च करतात, सेन्सरचा लाइट कर्टन (हात आत आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणून या जुन्या प्रेसला लावतात, पण त्याचा इथं उपयोग नाही हो, सेन्सरला हात दिसला तरी खाली निघालेला रॅम थांबणारच नाही, तो कर्टन मध्येच ब्रेक लागणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या किंवा हायड्रॉलिक प्रेससाठी असतो. पिन क्लचला इलाज म्हणजे हात आत जाणारच नाही असा जाळीचा फिक्स गार्ड, जॉब सरकवायला च्यूट (घसरपट्टी), आणि ते जमत नसेल तर निदान चिमटा नाहीतर मॅग्नेट.

आणि गार्ड काढून कोण ठेवतं म्हणाल तर हो, ऑपरेटरच काढतो, मीही बघितलंय. पण त्याला विचारा का काढला. गार्ड लावला की तासाचं टार्गेट बसत नाही, आणि टार्गेट बसलं नाही की ठेकेदार दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. टार्गेट कुणी ठरवलं, ते गार्ड लावून मोजलं होतं का, डबल शिफ्ट कुणी लावली, हे कुणी मेमोत लिहित नाही.

"हेल्मेट, ग्लोव्हज, मास्क दिला की जबाबदारी संपली"

ड्रिल मशीनवर, लेथवर ग्लोव्हज घातले तर फिरतं ड्रिल कापड पकडतं आणि सगळा हात ओढून घेतं, तिथं ग्लोव्हज न घालणं हीच सेफ्टी! फाउंड्रीत शेकआउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग काढताना, जी बारीक सिलिकाची धूळ उडते ती तोंडाला बांधलेल्या रुमालातनं आरामात आत जाते. त्यानं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, झाला की बरा होत नाही. धूळ उडते तिथंच सक्शन लावायचं, जमेल तिथं पाणी मारून काम करायचं, मास्क त्याच्यानंतर, आणि तोही चेहऱ्यावर घट्ट बसणारा.

"लहान युनिटला परवडत नाही"

जाळीचा गार्ड आपल्याच शॉपमध्ये अँगल आणि जाळी वेल्ड करून होतो. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून मग डाय बदलायला बसायचं, याला किती खर्च येतो ते सांगा.

"पोल्युशनचा विषय वेगळा"

2024 च्या नोव्हेंबरात कडेगाव तालुक्यात शाळगाव एमआयडीसीत वायुगळती होऊन तिघांचा जीव गेला. हा सेफ्टीचा विषय होता का पर्यावरणाचा? प्लेटिंगवाल्यांना (धातूवर मुलामा चढवणाऱ्यांना) माहीत असेल, सायनाइडचं पाणी आणि अ‍ॅसिडचं पाणी एका गटारात सोडलं की विषारी वायू तयार होतो, तो आधी तिथं उभ्या असलेल्या हेल्परच्या छातीत जातो आणि उरलेलं पाणी ओढ्यातनं कृष्णेत.

ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, टाकीचं तर फार वाईट आहे. साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस खाली उतरतो. तो पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेनं 1986 मध्येच सांगितलं होतं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हे निष्काळजी होते का? जिवाभावाच्या माणसासाठी उडी मारली त्यांनी. गॅस मीटर, ब्लोअर, वर दोरी धरून उभा माणूस आणि लेखी परमिट याच्याशिवाय टाकीचं झाकणच उघडायचं नाही, आणि हे ठेकेदाराच्या माणसालाही लागू, कारण उतरवतात बहुतेक त्यालाच.

या मेसेजचं सगळ्यात मोठं नुकसान पुढचं आहे. अपघात म्हणजे तुझीच चूक असं एकदा ठरलं की डबल स्ट्रोक झाला तरी पोरगं सांगत नाही, हात वाचला ना, मग गप्प बसतं, आणि आमच्यापर्यंत मशीन येतं ते बोट गेल्यावर. म्हणून ज्यांच्याकडं पिन क्लचचा प्रेस आहे त्यांनी मेसेज पुढं पाठवण्यापेक्षा उद्याच्या पहिल्या शिफ्टला ऑपरेटरला बाजूला घेऊन एवढंच विचारा, मशीन कधी आपोआप खाली आलंय का? हो म्हणाला तर त्याला शाबासकी द्या, मेन स्विचला कुलूप लावा आणि पिन-स्प्रिंग बदलल्याशिवाय तो प्रेस चालू करू नका, डिस्पॅच थांबला तरी चालेल.