मर्सिडीज ई-क्लासच्या गिअरबॉक्सबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा देऊन तीन गोष्टी लिहिल्यात: भंगार बाजारातून अर्ध्या किमतीत आणलेला गिअरबॉक्स आम्ही बसवला नाही, न विचारता रेडिएटर बदलला, आणि एवढा खर्च करूनही गाडी दुसरा गिअर पडताना झटका देते.

झटक्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. या गाडीचं कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर, जुन्या बॉक्सच्या झिजेप्रमाणे क्लचचा दाब ठरवून ठेवतं. बॉक्स बदलला की ती नोंद पुसून, गाडी सावकाश चालवत त्याला नवा बॉक्स शिकू द्यावा लागतो. आम्ही नोंद पुसली, पण तुम्हाला घाई होती म्हणून ट्रायल अर्धवट सोडली. घाई तुमची असली तरी गाडी न देणं माझ्या हातात होतं. कधीही या, मी स्वतः शेजारी बसून ट्रायल पूर्ण करतो. मजुरी घेणार नाही.

भंगारातल्या बॉक्सबद्दल मात्र मी आजही ‘नाही’च म्हणेन. तुमच्या डब्ल्यू 210 (ई-क्लासची जुनी पिढी) डिझेलमध्ये 722.6 हा पाच गिअरचा बॉक्स आहे. विकणाऱ्याने ‘722.6 सगळे सारखेच’ असं सांगितलं, आणि तिथेच तुमची फसगत झाली. हा बॉक्स मुख्यतः दोन ताकदींत येतो, 330 आणि 580 न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा पहिल्या प्रकारचा, तुम्ही आणलेला दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर एकाचं 3.93, दुसऱ्याचं 3.59. आत जाणारे आणि बाहेर पडणारे फेरे जुळले नाहीत की कंट्रोल युनिट गाडी इमर्जन्सीत टाकतं, मग ती दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. बेल हाउसिंग, म्हणजे बॉक्स इंजिनाला जोडणारं पुढचं कवच, तेही इंजिनाप्रमाणे वेगळं असतं. म्हणून जुना बॉक्स घेताना कवचावर ठोकलेला पूर्ण नंबर बघायचा, 722.6 च्या पुढचे आकडेसुद्धा. हे तुम्हाला काउंटरवर दोन वाक्यांत सांगून मी मोकळा झालो, नंबर दाखवून समजावायला हवं होतं.

आता रेडिएटर. जुन्या बॉक्समधून निघालेलं ऑइल लाल नव्हतं, गुलाबी दुधासारखं झालं होतं. गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतूनच जाते, ती वयाने आतून फुटली आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये मिसळलं. त्यानेच क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर सुटलं. तोच रेडिएटर ठेवला असता तर नवा बॉक्सही त्याच वाटेने गेला असता. काम गरजेचंच होतं, पण आधी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. रेडिएटर बसवायची मजुरी परत देतो. पार्टची किंमत परत देता येणार नाही. जुना रेडिएटर आणि त्या ऑइलची बाटली ठेवली आहे, याल तेव्हा दोन्ही बघा.